रागाला शांत उत्तर : ख्रिस्ती विचार

समोरची व्यक्ती संतापून बोलू लागली की त्याच स्वरात उत्तर देण्याची ऊर्मी होते. घरातील, कार्यालयातील वा लोकल गाडीतील पुष्कळ वाद मूळ कारणापेक्षा या पहिल्या उत्तरामुळेच चिघळतात. ख्रिस्ती धर्मविचारात या उत्तराला मोठे महत्त्व आहे. रागाची परतफेड रागाने न करणे हा तेथे केवळ शिष्टाचार नसून आध्यात्मिक शिस्तीचा भाग मानला जातो.

एक तक्रार, दोन उत्तरे

बायबलच्या जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकात दोन बोलके प्रसंग आहेत. मिद्यानी लोकांविरुद्धच्या लढाईला आम्हाला आरंभीच का बोलावले नाही, असा जाब एफ्राईम वंशाचे लोक गिदोनाला कठोर शब्दांत विचारतात (अध्याय ८). गिदोन स्वतःचा बचाव मांडत बसत नाही. शत्रूचे दोन सरदार तुमच्या हाती लागले, त्यापुढे माझी कामगिरी ती काय, असे तो विचारतो आणि त्यांचा राग निवळतो. ही खुशामत नव्हती. ते सरदार एफ्राईमच्या लोकांनीच पकडले होते.

पुढे बाराव्या अध्यायात हेच लोक तशीच तक्रार घेऊन इफ्ताहाकडे येतात. या वेळी ते घर जाळण्याची धमकीही देतात. इफ्ताह आपलीच बाजू कशी खरी आहे हे सुनावतो आणि सैन्य गोळा करतो. त्यानंतरच्या यादवीत एफ्राईमचे ४२ हजार लोक मारले गेल्याचे हा ग्रंथ सांगतो.

भावना आणि कृती

राग येणे हेच पाप, असे बायबल म्हणत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ४) राग आला तरी पाप घडू न देण्याची आणि सूर्यास्तापूर्वी तो सोडून देण्याची सूचना आहे. याकोबाचे पत्र क्रम सांगते: ऐकण्यात तत्परता असावी, बोलण्यात आणि रागावण्यात विलंब. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या तपस्व्याने मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांत क्रोधाची गणना केली. क्रोध प्रार्थनेत अडथळा आणतो, असे त्याचे निरीक्षण होते.

शांत म्हणजे मूक नव्हे

या शिकवणीचा एक विपर्यास नेहमी होतो. ‘दुसरा गाल पुढे करा’ याचा अर्थ अन्याय निमूटपणे सोसा, असा लावला जातो. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १८) मात्र चौकशीच्या वेळी शिपायाने थप्पड मारल्यावर येशू हात उगारत नाही, तसाच गप्पही राहत नाही. माझे काय चुकले ते दाखव, चुकले नसेल तर मारलेस का, असे तो विचारतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर तक्रारीची रीतच दिली आहे. प्रथम एकांतात बोलावे, न ऐकल्यास एक-दोन साक्षीदार न्यावेत, तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे.

म्हणूनच घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला सौम्यतेच्या नावाखाली गप्प बसवणे या शिकवणीशी सुसंगत ठरत नाही. मदत मागणे, कायद्याचा आधार घेणे आणि मनात सूड न बाळगणे या गोष्टी एकत्र नांदू शकतात.

समोरच्याच्या रागावर आपला ताबा नसतो. आपल्या पहिल्या वाक्यावर मात्र असतो. गिदोन आणि इफ्ताह यांच्या कथांतील फरक त्या एका वाक्यापासूनच सुरू होतो.