गाविलगडाच्या दगडातले शंख

धामणगाव रेल्वेच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. पुलगावकडून आलेली मालगाडी बडनेऱ्याकडे निघून गेली आहे आणि रुळांखालच्या काळ्या गिट्टीवर ऊन चढू लागलं आहे. ही गिट्टी नीट पाहा. हा आपला नेहमीचा काळा पाषाण, विहीर खोदताना सब्बल ज्याच्यावर आपटून परत येते तो. काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली पाषाण, हे वऱ्हाडातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तो लाव्ह्यापासून झाला, हे शाळेत शिकवतात. पण हा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर आला, निवला, त्यावर पाऊस पडला, माती धरली, खोलगट जागी पाणी साचलं, पाण्याकाठी झाडं आली. मग पुढचा थर आला आणि ते सगळं खाली दाबलं गेलं. दोन पाषाणांच्या मधल्या त्या पट्ट्याला अभ्यासक इंटरट्रॅपियन थर म्हणतात. कुठे तो हातभर जाडीचा असतो, कुठे पुरुषभर. आपल्या मुलुखाचं सगळ्यात जुनं दप्तर त्यात बांधून ठेवलेलं आहे.

ते दप्तर पहिल्यांदा कुणी सोडलं, ते पाहायला आता मागे चला.

आधी पायाखालचा फलाट जातो. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. त्याआधी इथे रूळ नाहीत, गिट्टी नाही. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरकडे चालला आहे. आणखी चार वर्षं मागे या आणि वर्धा नदी ओलांडून बोरीजवळच्या एका ओढ्याकाठी थांबा. ४ सप्टेंबर १८६३ची संध्याकाळ. ओढा पुरानं भरला आहे. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी घोड्यावरून परत येत आहेत. घोडा पोचतो, स्वार पोचत नाही. वय अवघं पंचेचाळीस. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाच्या नावातले हिस्लॉप ते हेच. पण कॉलेजच्या दारातून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की विदर्भातल्या जीवाश्मांची जगाला ओळख करून देण्यात या माणसाचा वाटा सगळ्यात मोठा आहे?

आणखी मागे. १८५१, नागपूरच्या वायव्येची टाकळी. नागपुरात अजून भोसल्यांचं राज्य आहे. आज या बाजूला शहर पसरलं आहे, वस्तीचं नावच गिट्टीखदान आहे; तेव्हा इथे माळ आहे, आणि माळावरून दोन मिशनरी पायी चालले आहेत, हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर. दोघांपैकी कुणीही पगारी भूशास्त्रज्ञ नाही. शाळा चालवणं, उपदेश करणं, गोंडी भाषेची टिपणं काढणं हे त्यांचं काम. दगड पाहणं हा चालता चालता लागलेला नाद. तुम्हीही त्यांच्या मागोमाग चाला. दगडात काहीतरी गोल, वळणदार दिसतं. गोड्या पाण्यातला शंख! समुद्रापासून इतक्या दूर, दोन पाषाणांच्या मधोमध.

पुढची काही वर्षं या माळावर काय चाललं, ते मला फार मोलाचं वाटतं. शंखांबरोबर फळं निघाली, बिया निघाल्या, माशांचे खवले निघाले, भुंग्यांचे पंखसुद्धा निघाले. हिस्लॉप यांनी ते कपाटात घालून ठेवलं नाही. भुंगे अँड्र्यू मरी यांच्याकडे गेले. नागपूर परिसरातल्या त्याहून जुन्या खडकांतली पानं चार्ल्स बनबरी यांच्याकडे, मांगली गावाजवळ सापडलेली एका प्राचीन प्राण्याची कवटी थेट रिचर्ड ओवेन यांच्याकडे. मद्रास इंजिनिअर्सचे लेफ्टनंट सँकी हेही त्याच नादाचे. बंगळुरूचा सँकी तलाव ज्यांच्या नावाचा, तेच हे. १८५५ मध्ये हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या जीवाश्मांवरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ना सभासदांची यादी, ना अध्यक्ष, ना वर्गणी. तरी हे एक मंडळच होतं. कुणी चालायचं, कुणी वेचायचं, कुणी ओळख पटवायचं, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर तो कुठल्या गावाजवळ, कुठल्या थरात मिळाला हे लिहिलेलं असायचं.

पण पहिला मान टाकळीचा नाही, आपल्या अमरावती जिल्ह्याचा आहे. म्हणून आणखी अठ्ठावीस वर्षं मागे चला, एप्रिल १८२३ मध्ये, गाविलगडाच्या डोंगरात.

ऊन मरणाचं आहे. मोहाची फुलं झाडाखाली पडून वास सुटला आहे. वीस वर्षांपूर्वी वेलस्लीच्या फौजेनं फोडलेला किल्ला वर दिसतो आहे. डॉ. हेन्री व्हॉयसी हे मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे डॉक्टर, आणि भूशास्त्राचं कामही त्यांच्याकडेच. तीनच महिन्यांपूर्वी, २० जानेवारीला, या सर्वेक्षणाचे प्रमुख कर्नल लँबटन हिंगणघाटला वारले. अख्खा देश साखळीनं मोजायला निघालेला म्हातारा वाटेतच गेला, काम थांबलं नाही. व्हॉयसी दगड फोडतात, त्याची ताजी कड उन्हात धरतात. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहा. काळ्या पाषाणाच्या सोबतीनं फिकट, गारगोटीसारखा टणक दगड, आणि त्यात शंख. जवळ कुणी वऱ्हाडी माणूस असता तर म्हणाला असता, "हे तं शंख हाय ना भाऊ, इथं डोंगरात कसे आले?" व्हॉयसींनाही तोच प्रश्न पडला असणार. दुसऱ्याच वर्षी ते तापानं गेले. गाविलगडाच्या डोंगरात सापडलेल्या दगडी शंखांवरचं त्यांचं टिपण मृत्यूनंतर 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापून आलं. त्यात महिना आहे, साल आहे, जागा आहे. दोनशे वर्षांनंतर आपण त्या डोंगराचं नाव घेऊ शकतो, ते त्या तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या म्हणून.

आता तो शंख हातात घ्या आणि मोठी उडी मारा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं.

पाय सांभाळून ठेवा. खाली नुकताच निवलेला काळा खडक आहे, वळ्या पडलेला, अजून कुठे कुठे वाफा सोडणारा. हिमालय नाही. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगानं उत्तरेकडे सरकतो आहे. जमिनीच्या हिशेबात ही धावच. हवेला गंधकाचा वास आहे. पण समोर तळं आहे आणि तळं जिवंत आहे. काठावर ताडाच्या जातीची झाडं आहेत. पाण्यावर अझोला पसरलं आहे. हो, आज शेतकरी जनावरांच्या खाद्यासाठी टाक्यात वाढवतात त्याच अझोलाचे पूर्वज. छिंदवाड्याकडच्या गारगोटीत ते बिरबल सहानी आणि राव यांना सापडले आणि त्यांनी त्याला इंटरट्रॅपियन थराचंच नाव दिलं. गुडघाभर पाण्यात उतरा. मोहरीपेक्षा बारीक, दुहेरी कवचाचे जीव पायांभोवती फिरत आहेत. कठीण, चकाकत्या खवल्यांचा लांब तोंडाचा मासा शेवाळातून निघून जातो.

आणि देठांना चिकटलेले शंख. एक उचला, टोक वर करून तोंड स्वतःकडे धरा. तोंड डाव्या बाजूला येतं. बहुतेक शंखांची वळणं उजवी असतात; या कुळाची डावी. मधल्या काळात किती का लाव्हा वाहून जाईना, ही खूण पुसली जाणार नाही. १८४० मध्ये सॉवर्बी यांनी या शंखाला 'फायसा प्रिन्सेपी' म्हटलं; ब्राह्मी लिपी वाचणारे जेम्स प्रिन्सेप त्या नावात आहेत. इंटरट्रॅपियन थर ओळखायला अभ्यासकांना हा शंख उपयोगी पडतो.

थोडा वेळ थांबलात तर दगड कसा होतो तेही दिसेल. शंखातला जीव मरतो, कवच गाळात रुततं. लाव्ह्यातून आणि राखेतून झिरपलेलं पाणी सिलिकानं भरलेलं असतं. ते कवचात शिरतं, लाकडात शिरतं, बीच्या आतल्या एकेका पेशीत शिरतं आणि तिथेच गोठतं. म्हणून आपल्याकडची जीवाश्म लाकडं आणि फळं नुसते ठसे नसतात. त्यांचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशींच्या भिंती दिसतात. नागपूरच्या डॉ. शया चितळे यांनी अशा कापांवर आयुष्य घातलं आणि १९८० मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जाऊनही जीवाश्म वनस्पतींचंच काम केलं.

क्षितिजावर लाल रेघ उठते आहे. पुढचा थर येतो आहे. निघा.

परत येताना वाटेत दोन ठिकाणी डोकवा. वरोऱ्याजवळचं पिसदुरा: इथल्या शेतांतून डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळते. हिस्लॉपपर्यंतही इथली हाडं पोचली होती. याच विष्ठेत वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक सहानी यांना गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांनी ते मांडलं. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, याचा असा भक्कम पुरावा त्याआधी जगाकडे नव्हता. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यानं दिला. दुसरं ठिकाण आपलंच, मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी. महाशिवरात्रीला आपण तिथे जातो. लाव्ह्याच्या खालच्या लमेटा थरात, अमरावती आणि बैतूल यांच्या सीमेवर, डायनोसॉरच्या अंड्यांचं घरटं अमरावती विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नोंदवलं; ते २०१५ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकात आलं. यात्रेच्या वाटेवर इतक्या जवळ हे आहे, आणि जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली अजून त्यासाठी निघत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही पुन्हा धामणगावात आहात. आता माझं म्हणणं ऐका. इथे एक जीवाश्म मंडळ व्हायला हवं. अमेरिकेत ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात 'ड्राय ड्रेजर्स' नावाचं हौशी लोकांचं मंडळ १९४२ पासून चालू आहे. तिथे निरनिराळ्या व्यवसायांची माणसं एकत्र जमतात, एखादं व्याख्यान ऐकतात, सुट्टीला दगडांच्या फेरीला जातात, आणि विद्यापीठाची माणसं त्यांच्याबरोबर असतात. जवळ पाहायचं तर चंद्रपूरचे प्रा. सुरेश चोपणे यांनी दगड आणि जीवाश्मांचं संग्रहालय स्वतःच्या घरात उभं केलं. धामणगावला एवढंही नको. एक वही, एक भिंग, जुनी वर्तमानपत्रं आणि मोबाइलचा कॅमेरा पुरे.

कुठे पाहायचं? नव्या विहिरीच्या कडेला टाकलेल्या ढिगात, रस्त्याच्या कापलेल्या कडेत, शेततळ्याच्या खोदकामात, नाल्याच्या पात्रात. काळ्या पाषाणाच्या मध्ये फिकट, चुनखडीसारखा किंवा गारगोटीसारखा पट्टा दिसला की थांबा. शेतमालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. बंद खदानीच्या उभ्या कड्याखाली जाऊ नका, ती दरड कधीही सुटते. गाविलगड आणि मेळघाटाच्या जंगलात फक्त बघा. व्याघ्र प्रकल्पातला खडासुद्धा उचलायचा नाही. हाडासारखं किंवा अंड्यासारखं काही दिसलं तर खणू नका, तसंच राहू द्या. दगडाजवळ पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा. गाव, शेत, तारीख, जमिनीपासून किती खोल आणि वर-खाली कुठला दगड होता, हे वहीत त्याच दिवशी लिहा. सुटा तुकडा घेतलाच तर त्याच्यावर क्रमांक घाला आणि तोच क्रमांक वहीत. शोकेसमध्ये ठेवलेला, जागा विसरलेला शंख मला चोरी झाल्यासारखा वाटतो. विकू तर मुळीच नका.

पहिली फेरी दिवाळीनंतर काढा, ओल ओसरते आणि नाल्यांच्या कडा उघड्या पडतात तेव्हा. शाळेतली चार मुलं आणि विहिरी खोदणारा एखादा जाणता माणूस बरोबर घ्या. कुठल्या शिवारात कुठल्या हातावर कोणता दगड लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आणि काही मिळालं, तर वहीची पानं आणि फोटो अमरावतीला संत गाडगे बाबा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला, नाहीतर नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला नेऊन दाखवा.