०७१२ : नागपूरच्या एका क्रमांकातला इतिहास

१/ मुंबईचा एसटीडी कोड ०२२, पुण्याचा ०२०, नाशिकचा ०२५३, कोल्हापूरचा ०२३१. मग उपराजधानी नागपूरचा ०७१२ कसा? आजचा थ्रेड याच प्रश्नावर.

२/ पूर्वी परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहावी लागे. ऑपरेटरला गावाचे नाव सांगितले की तो जोडणी करून देई. १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर भारतातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि ऑपरेटरची जागा यंत्राने घेतली. यंत्राला नाव कळत नाही. त्यामुळे प्रत्येक गावाला अंकांचा पत्ता आवश्यक झाला.

३/ या पत्त्यातले शून्य म्हणजे गावाची वेस. शून्य फिरवले की स्थानिक एक्स्चेंज तो कॉल ट्रंक एक्स्चेंजच्या हवाली करते. पुढील अंक आधी विभाग सांगतात, मग शहर.

४/ चकतीच्या फोनवर प्रत्येक अंक तितक्याच विद्युत्‌स्पंदांनी जाई. शून्याचे स्पंद दहा. ०२२ साठी चौदा स्पंद, तर ०७१२ साठी वीस.

५/ शून्य वगळता कोड व स्थानिक क्रमांक मिळून दहा अंक होतात. मुंबई २+८, नागपूर ३+७, वर्धा (०७१५२) ४+६. शहर जितके मोठे, तितका कोड आखूड.

६/ आता नकाशा पाहा. अमरावती ०७२१, अकोला ०७२४, चंद्रपूर ०७१७२. सारा विदर्भ ०७ मध्ये. त्याच्या शेजारी रायपूर ०७७१, जबलपूर ०७६१. १९५६ पर्यंत ज्या राज्याची राजधानी नागपूर होती, त्याच राज्यातील ही शहरे!

७/ म्हणजे दूरसंचार खात्याने जुना मध्यप्रांत जपला? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. पणजीचा कोड ०८३२, बेळगावचा ०८३१. गोवा तर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. उलट सुरत (०२६१) गुजरातेत असूनही ०२ मध्ये आहे. राज्याची सीमा हा या मांडणीचा एकमेव निकष नव्हता, एवढे यावरून निश्चित दिसते.

८/ मोबाइलने नवी वाटणी केली. महाराष्ट्र सर्कलमध्ये नागपूर आणि पणजी एकत्र आले, मुंबई मात्र स्वतंत्र राहिली. २०१५ पासून तर क्रमांक न बदलता देशात कुठल्याही सर्कलमध्ये जाता येते. क्रमांक माणसाचा झाला, गावाचा राहिला नाही.

९/ शून्याची वेस मात्र शाबूत आहे. जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवावे लागते.

१०/ राज्याचा नकाशा आपण कोणाच्या अमलाखाली आहोत ते सांगतो; क्रमांक सांगतो, आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचता येते. इतिहास वाचताना हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत.