सोनं धुतलं ते उपाशी, काळ्या दगडाला आला भाव

सौंदडला ना सोन्याची खाण आहे, ना मँगनीजची. सडक अर्जुनी तालुक्यातलं, गोंदिया–नागभीड लोहमार्गावरचं हे धानाचं गाव. पण ज्या वैनगंगेच्या मुलखात ते आहे, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी धातूमागे लागलेल्या दोन जमातींचे कागद सापडतात. एक नदीकाठची, दुसरी परवानेवाल्यांची.

ऑगस्ट 1896 मध्ये कॅनडाच्या वायव्येला, क्लोंडाइकच्या एका ओढ्यात सोनं सापडलं. दोन वर्षांत डॉसन हे तीसेक हजार वस्तीचं शहर तिथे उभं राहिलं. त्याच 1896 साली आपल्याकडे खनिजशोधासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झालं. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांतही सोन्याचे कण होते. मग इथे झुंबड का उडाली नाही?

उत्तर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या जाति-जमातींवरील ग्रंथात आहे. त्यात ओढ्यांतल्या वाळूतून सोनं धुऊन काढणाऱ्या सोनझऱ्यांवर एक छोटं टिपण आहे. 1911 मध्ये त्यांची संख्या दीडेक हजार. कुळं मरावी, टेकाम, नेताम, धुर्वा, म्हणजे सरळ गोंडांचीच. बिलासपूरकडचे सोनझरे सांगत की आमचे पूर्वज लांजीचे गोंड. लांजी आज बालाघाट जिल्ह्यात, आमगावच्या पलीकडे.

त्याच टिपणात त्यांची एक कथाही आहे. पार्वतीचा मुकुट नदीत पडला. तो काढायला पाठवलेल्या मूळ पुरुषानं त्यातलं थोडं सोनं लांबवलं, म्हणून महादेवानं साऱ्या वंशाला कायमच्या दारिद्र्याचा शाप दिला. दंतकथा म्हणून हा मजकूर सहसा बाजूला पडतो. मला तो उत्पन्नाचा दाखला वाटतो. रोज सोनं हाताळणाऱ्या जातीला आपल्या गरिबीचं कारण देवाकडून आणावं लागतं, तेव्हा त्या वाळूत किती सोनं होतं हे वेगळं मोजायला नको.

कामाची रीत पाहिली तरी हेच दिसतं. ओढ्याच्या वळणावर साचलेली वाळू लाकडी परातीत घ्यायची, पाण्यात हिंदकळत हलकी वाळू वाहू द्यायची. तळाशी जड काळी रेती उरते आणि तिच्यात, नशीब असेल तर, डोळे बारीक करून शोधावे लागणारे कण. हे काम कुटुंबाचं. भागभांडवल गोळा करणाऱ्या कंपनीला त्यात काय मिळणार?

झुंबड उडाली ती काळ्या दगडासाठी. विसावं शतक उजाडता उजाडता नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात मँगनीजचं खोदकाम सुरू झालं. भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही नावं पुढे आली. 1904–05 चं रशिया–जपान युद्ध आणि पाठोपाठ कॉकेशसमधली अशांतता यांमुळे रशियन मँगनीजचा पुरवठा अडखळला, भाव चढले. 1907 मध्ये हिंदुस्थानातलं उत्पादन नऊ लाख टनांवर गेलं. लगेच पुढच्या वर्षी भाव कोसळले आणि उत्पादनही घसरलं. पोलादाच्या भट्ट्या युरोप-अमेरिकेत, त्यामुळे तिथल्या मंदीचा फटका भंडाऱ्यातल्या तुमसरच्या खाणीला बसे.

या तेजीचा मुख्य साक्षीदार म्हणजे भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला एल. ली फर्मोर. त्याचा 1909 चा ग्रंथ हजारावर पानांचा आहे. खाणपट्ट्यातल्या एका खडकाला त्यानं गोंडांवरून ‘गोंडाइट’ असं नावही दिलं. तरी त्याला आधार मानताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तो खनिजाचा अभ्यासक होता, माणसांचा नव्हे. धातुकाचं प्रमाण तो बारकाईनं टिपतो. मजूर कुठून आले, मंदीत कुठे गेले, हा त्याचा मुख्य विषय नव्हता.

डॉसनमध्ये खाणकामाचा साधा परवाना घेतला की एकटादुकटा माणूसही ओढ्याच्या तुकड्यावर दावा ठोकू शके. इथे आधी सरकारी परवाना, मग पट्टा, मग ठेकेदार. त्यामुळे पैसाही मोजक्या हातांत राहिला. त्यातलेच एक कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. 1930 मध्ये ते वारले तेव्हा आपली संपत्ती त्यांनी तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला ठेवली होती, आणि 1942 मध्ये त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. 1896 च्या त्या सिंडिकेटच्या वारसदार कंपनीच्या खाणी 1962 मध्ये मॉइल या मँगनीज कंपनीकडे आल्या.

आणि सोनझरे? महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली ‘सोनझारी झरेका’ हे नाव आहे. रसेल-हिरालालांनी कुळांवरून जे नातं दाखवलं, तेच या यादीतही दिसतं.