समाजकार्याचे फील्डवर्क : संस्था कशी मिळवायची, सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी तयारी काय करायची

बेळगाव : बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतला, फी भरली, वर्ग सुरू झाले की पहिल्याच महिन्यात प्रश्न येतो, फील्डवर्कला जायचे कुठे? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हल्याळ भागातली मराठी मुले-मुली बेळगाव, धारवाड, कोल्हापूर किंवा गोव्यात हा अभ्यासक्रम करतात. घराजवळची एखादी संस्था मिळाली की काम झाले, असे बऱ्याच जणांना वाटते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. संस्थेत शिकवणारे कोणी नसते, फाईल कन्नडमध्ये असते आणि वर्गात शिकलेली योजना पलीकडच्या राज्याची निघते. या तीन गोष्टी आधीच तपासल्या तर पुढचा त्रास बराच वाचतो.

फील्डवर्कचे प्रकार

देशातले समाजकार्याचे पहिले महाविद्यालयीन शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. तीच संस्था आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, म्हणून ओळखली जाते. वर्गातल्या शिकवणीबरोबर प्रत्यक्ष काम हा या शिक्षणाचा निम्मा भाग मानला जातो. दूरशिक्षणाने, उदाहरणार्थ इग्नूमधून, एमएसडब्ल्यू करणाऱ्यांनाही ते सुटत नाही.

सुरुवातीला वेगवेगळ्या संस्थांच्या ओरिएंटेशन भेटी होतात. मग समवर्ती फील्डवर्क, म्हणजे वर्ग चालू असताना आठवड्यातले साधारण दोन दिवस, एकूण सुमारे १५ तास, एकाच संस्थेत काम. मधे एक ग्रामीण शिबिर असते. शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे सलग काही आठवडे पूर्णवेळ काम. तास, गुण आणि तोंडी परीक्षेचे नियम विद्यापीठागणिक बदलतात. त्यामुळे महाविद्यालयाची फील्डवर्क पुस्तिका पहिल्याच आठवड्यात मागून वाचावी. सिनिअरने सांगितलेला नियम यंदा लागू असेलच असे नाही.

संधी कुठे आहेत

रुग्णालयांत रुग्ण आणि नातेवाइकांशी बोलणे, योजनांची कागदपत्रे जुळवणे, समुपदेशनात मदत करणे ही कामे मिळतात. बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि मोठी खासगी रुग्णालये आहेत. मानसिक आरोग्यात पुढे जायचे असेल त्यांनी धारवाडच्या डिमहान्सचा विचार करावा. मात्र मनोरुग्ण समाजकार्यकर्ता, म्हणजे सायकियाट्रिक सोशल वर्कर, या पदासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एमएसडब्ल्यूनंतर त्या विषयातले एमफिल धरलेले आहे. नुसत्या फील्डवर्कवर ते पद मिळत नाही.

मुलांसाठी काम करायचे असेल तर जिल्हा बाल संरक्षण घटक, बालकल्याण समिती आणि बालगृहे आहेत. महिलांसाठी सखी वन स्टॉप सेंटर आहे. शाळा, अंगणवाडी, वृद्धाश्रम, दिव्यांगांच्या शाळा, बचतगटांचे महासंघ, तुरुंग आणि कारखान्यांचे कर्मचारी कल्याण विभाग हेही पर्याय आहेत.

सीमाभागाचे स्वतःचे विषयही आहेत. निपाणीत तंबाखू आणि विडी कामगार महिला, सौंदत्ती परिसरात देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या महिला, खानापूरच्या जंगलपट्टीतले गवळी धनगर. हल्याळ, यल्लापूर आणि खानापूर भागातल्या सिद्दी समाजाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. एकच समाज, फक्त जिल्हा वेगळा, म्हणून दाखल्याचा प्रश्न वेगळा. असे तपशील माहीत असलेला विद्यार्थी वस्तीत उपयोगी पडतो.

हद्द बदलली की योजना बदलते

कोल्हापुरात शिकणारा आणि निपाणीत काम करणारा विद्यार्थी इथे हमखास अडकतो. कागल ओलांडले की ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ येतो, जिल्हा परिषदेची जिल्हा पंचायत होते. सातबारा मागितला तर लोक आरटीसी, म्हणजे पहाणी उतारा, काढून देतात. मुलांच्या सरकारी निवासाला कर्नाटकात बालमंदिर म्हणतात.

महाराष्ट्रातल्या निराधारांसाठी संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजना आहेत. कर्नाटकात वृद्धांसाठी संध्या सुरक्षा योजना आहे. कर्नाटकात २०२३ पासून गृहलक्ष्मीचे महिना २००० रुपये, तर महाराष्ट्रात २०२४ पासून लाडकी बहीणचे महिना १५०० रुपये. लग्न होऊन पलीकडे गेलेल्या किंवा नवरा वारल्यावर माहेरी परतलेल्या बाईचे रेशनकार्ड एका राज्यात आणि आधारवरचा पत्ता दुसऱ्या राज्यात असतो. अशा बाईला चुकीची योजना सांगितली तर तिची दिवसाची मजुरी बुडते, बसभाडे जाते आणि पुढच्या वेळी ती कोणावर विश्वास ठेवत नाही.

म्हणून कामाला जाण्याआधी ज्या राज्यात संस्था आहे त्या राज्याच्या दहा-बारा योजनांची यादी करावी. योजनेचे नाव, कोणाला मिळते, लागणारी कागदपत्रे, अर्ज देण्याचे ठिकाण, एवढे चार रकाने पुरतात.

भाषेचा प्रश्न

खानापूर, निपाणी, बेळगावच्या घराघरांत मराठी बोलली जाते. गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग या भागांत कन्नड. शहरातल्या अनेक वस्त्यांत उर्दू आणि तांड्यांवर लमाणी. सरकारी फाईल मात्र कन्नडमध्येच असते. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे आणि सीमाभागाची ती जुनी मागणीही आहे. ती मागणी आपल्या जागी. पण आज ज्या आजीच्या हातात पेन्शन बंद झाल्याची कन्नड नोटीस आहे, तिला ती आजच कोणीतरी वाचून दाखवायला हवी.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने कन्नड अक्षरओळख पक्की करावी. निबंध लिहिता यायची गरज नाही. नाव, वय, पत्ता, जात, उत्पन्न, अर्ज, मंजूर, नामंजूर, तारीख, सही असे पन्नास-साठ शब्द फॉर्मवर वाचता आले तरी निम्मे काम होते. अंगणवाडी आणि पंचायतीचे जुने भरलेले फॉर्म पाहून हा सराव करता येतो. ज्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही येते त्यांनी अर्जात ते ठळक लिहावे. संस्थांना अशीच माणसे हवी असतात.

संस्था निवडताना काय विचारायचे

पहिला प्रश्न मार्गदर्शकाचा. संस्थेत समाजकार्य शिकलेली किंवा किमान अनुभवी अशी कोणती व्यक्ती आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यासोबत बसून कामाची चर्चा करणार आहे? त्या व्यक्तीचे नाव मिळत नसेल तर पुढे विचार करावा.

दुसरा प्रश्न कामाचा. घरभेटी, केसच्या नोंदी, गटसभा यांत सहभाग मिळणार, की फक्त झेरॉक्स काढणे, फोटो काढणे आणि कार्यक्रमाला खुर्च्या मांडणे? थोडीफार अशी कामे सगळेच करतात. पण व्यक्तीसोबतचे, गटासोबतचे आणि समुदायासोबतचे, तिन्ही प्रकारचे काम वर्षभरात झाले नाही तर तोंडी परीक्षेत बोलायला काही राहत नाही.

संस्था नोंदणीकृत आहे का, काम खरेच चालू आहे का, तेही पाहावे. एकदा कामाच्या दिवशी न कळवता जाऊन यावे. काही ठिकाणी हजेरी न लावता प्रमाणपत्र मिळते, अशी कुजबुज असते. ते प्रमाणपत्र नोकरीच्या मुलाखतीत पहिल्या प्रश्नालाच उघडे पडते. नातेवाइकांची संस्था असेल तर ती टाळलेली बरी, कारण तिथे चूक दाखवायला कोणी धजत नाही.

राज्याबाहेरची संस्था निवडताना महाविद्यालयाची मान्यता आधी लेखी घ्यावी. प्राध्यापकांना मधूनमधून भेट द्यावी लागते आणि अंतर जास्त असेल तर महाविद्यालय नकार देऊ शकते.

पत्र, अर्ज आणि भेट

महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचे विनंतीपत्र लागतेच. सोबत एक पानी माहितीपत्रक, ओळखपत्राची प्रत आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा अर्ज जोडावा. कर्नाटकातल्या सरकारी कार्यालयासाठी पत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत दिले तर टेबल लवकर हलते. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.

अर्ज लांबवू नये. उदाहरणार्थ : ‘मी एमएसडब्ल्यू प्रथम वर्षाचा विद्यार्थी असून आठवड्यातील दोन दिवस आपल्या संस्थेत फील्डवर्क करू इच्छितो. मला मराठी, कन्नड व हिंदी बोलता येते. शाळाबाह्य मुलांच्या कामात मला रस आहे. माझ्या कामावर महाविद्यालयाचे प्राध्यापक देखरेख ठेवतील.’ एवढे पुरे.

छोट्या संस्थेत आठवड्याभरात होकार मिळू शकतो. रुग्णालय, बालगृह, तुरुंग अशा ठिकाणी वरून परवानगी यावी लागते आणि महिना सहज जातो. म्हणून एकाच दारात बसून न राहता दोन-तीन ठिकाणी महाविद्यालयामार्फत विचारणा करावी. एका ठिकाणी पक्के झाले की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवावे, नाहीतर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे दार बंद होते.

भेटीला बोलावले तर इथेच का यायचे आहे, आधी काय काम केले, कोणते दिवस देता येतील, असे प्रश्न येतात. एनएसएस, गणेशोत्सव मंडळ, बचतगट, पूर आला तेव्हा केलेली मदत, हे सगळे अनुभव सांगण्यासारखे आहेत. न जमणारे काम आधीच सांगितलेले चालते, मधेच गायब होणे चालत नाही.

कायदा माहीत हवा

बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बालगृहातला सेल्फी व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. एचआयव्हीबाधित आणि मानसिक रुग्णांच्या माहितीलाही २०१७ च्या कायद्यांनी गोपनीयता दिली आहे.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले तर पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि त्यातून विद्यार्थीही सुटत नाही. मार्गदर्शकाला आणि प्राध्यापकांना लगेच सांगावे, पण ‘आपण सांगितले, आता ते बघतील’ म्हणून गप्प बसू नये.

सुरक्षितता आणि खर्च

पहिल्या घरभेटी एकट्याने करू नयेत. आशा किंवा अंगणवाडी सेविकेसोबत गेल्यास वस्तीही विश्वास ठेवते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते. छोट्या संस्थेतली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक फोनमध्ये असावेत.

बहुतेक ठिकाणी मानधन मिळत नाही. प्रवास आणि जेवणाचा महिन्याचा हिशेब आधी मांडावा. कर्नाटकात राहणाऱ्या मुलींना शक्ती योजनेमुळे राज्यातल्या साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळतो. संस्थेनेच प्रवेशासाठी पैसे मागितले तर न देता महाविद्यालयाला कळवावे.

नोंदवही

नोंद त्याच दिवशी रात्री लिहावी. तारीख, तास, ठरवलेले काम, झालेले काम, काय जमले नाही आणि पुढच्या वेळी काय करणार, एवढे असले तरी चालते. लोकांची खरी नावे लिहू नयेत, आद्याक्षर किंवा क्रमांक वापरावा. मार्गदर्शकाची सही दर आठवड्याला घ्यावी. वर्षाच्या शेवटी तीस सह्या एकदम मागणारा विद्यार्थी प्राध्यापकांच्या चटकन लक्षात येतो.

जमले नाही तर

संस्थेत कामच मिळत नसेल, मार्गदर्शक बदलला किंवा निधी संपून प्रकल्प बंद पडला तर तीन-चार आठवडे वाट पाहून मग महाविद्यालयाला लेखी कळवावे. छळ किंवा धोका असेल तर एक दिवसही थांबू नये. संस्था बदलली तरी आधीच्या तासांचा सहीचा दाखला घेऊन ठेवावा, म्हणजे ते तास धरून घेण्याची मागणी करता येते.

साधे वेळापत्रक

प्रवेश झाल्यावर पहिला आठवडा : फील्डवर्क पुस्तिका वाचणे, तीन संस्थांची यादी.
दुसरा आणि तिसरा आठवडा : संस्थांना प्रत्यक्ष भेट, पत्र आणि अर्ज, पोच घेणे.
चौथा आठवडा : पाठपुरावा, योजनांची यादी, कन्नड किंवा मराठी फॉर्म वाचण्याचा सराव.
कामाचा पहिला दिवस : मार्गदर्शकासोबत बसून वर्षभरात काय शिकायचे ते कागदावर लिहून दोघांची सही.
पहिला महिना संपताना : तोच कागद पुढे ठेवून काय झाले, काय राहिले ते तपासणे.