कडीतून धावणारी दोरी: गळकाठीच्या कड्या आणि सावित्रीचे खोरे

जुन्या महाबळेश्वरात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर उगम पावणारी सावित्री पोलादपूर तालुक्यात उतरते तेव्हा ती धोंड्यांतून फेसाळत धावणारी डोंगरी नदी असते, आणि पुढे काळ व गांधारी या नद्यांचे पाणी पोटात घेऊन महाडपर्यंत येता येता ती इतकी संथावते की बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती महाडच्या आसपास तिच्या पात्रात जाणवू लागते. पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे हे खोरे एप्रिल-मे महिन्यांत कोरडे पडत जाते आणि नदी ठिकठिकाणच्या डोहांपुरती उरते. कोकणात अशा खोल डोहाला ‘कोंड’ म्हणतात. धावते पाणी, संथ पाणी, खारे पाणी आणि कोंडाचे पाणी अशी चारही रूपे एका दिवसाच्या चालीत दाखवणाऱ्या या नदीवर मासे धरण्याची साधने कशी होती, आणि जगात अन्यत्र गळाच्या काठीवर दोरीसाठी कड्या बसवण्याची विद्या कशी वाढत गेली, हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहिले म्हणजे साधनाची निवड माणसाच्या हौसेपेक्षा पाण्याने आणि माशाने ठरवली जाते, हे स्पष्ट होते.

महाड-पोलादपूरच्या आतल्या भागात मासेमारीचा भार मुख्यतः भोई आणि कातकरी या समाजांनी वाहिला. पाग म्हणजे हाताने फेकायचे, कडेला शिशाचे मणी लावलेले गोल जाळे; ओढ्याच्या तोंडाशी लावायचे बांबूचे सापळे; आणि पहिल्या पावसात नदीचे मासे अंडी घालण्यासाठी भातखाचरांकडे चढू लागले म्हणजे होणारी वलगणीची मासेमारी, अशी ही साधने आणि हे प्रसंग होत. यांच्या जोडीला गळ होताच. या गळाची रचना अगदी साधी असते: बांबूची निमुळती काठी, तिच्या शेंड्याला पक्की बांधलेली दोरी, दोरीच्या टोकाला लोखंडी आकडा आणि त्यावर गांडूळ. काठीवर कडी नसते आणि मुठीशी चाक नसते. दोरीची लांबी काठीच्या लांबीशी बांधलेली असते, आणि मासा लागला की काठी उचलून तो थेट काठावर घ्यायचा असतो. शिंगटा, वाम, मरळ यांसारख्या माशांसाठी हे साधन पुरेसे होते, आणि ‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचार मराठीत रुजला तो याच साधनामुळे.

बांधलेल्या दोरीची मर्यादा मात्र मोठ्या माशापुढे उघडी पडते. सह्याद्रीच्या नद्यांतील महासीर हा असा मासा आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करणारा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महासीराला त्याने स्थानिक लोकांच्या तोंडचे नाव दिले, आणि तेच नाव ‘टॉर खुद्री’ या शास्त्रीय नावात आजवर टिकले आहे. मोठे खवले, जाड ओठ आणि घशात दडलेले दात असलेला हा मासा गळ लागताच प्रवाहाच्या दिशेने एकदम लांबवर झेप घेतो. ही पहिली धाव इतकी जोराची असते की दोरी पक्की बांधलेली असल्यास दोरी तरी तुटते, काठी तरी मोडते किंवा आकडा तरी सरळ होतो. या धावेला उत्तर एकच असू शकते: दोरी मोकळी सोडायची आणि मासा थकेपर्यंत ती पुन्हा गुंडाळत राहायची. त्यासाठी दोरी साठवणारे चाक हवे, आणि चाकापासून शेंड्यापर्यंत दोरी काठीशी धरून ठेवणाऱ्या कड्या हव्यात. या कड्यांना गळाच्या छंदातील लोक ‘गाईड’ म्हणतात, तर अगदी शेंड्यावर नळीने बसवलेल्या शेवटच्या कडीला ‘टिप-टॉप’ म्हणतात. तिला मराठीत टोककडी म्हणणे सोयीचे आहे.

चाकाचा पुरावा प्रथम चीनमध्ये मिळतो. मा युआन या चित्रकाराच्या १२व्या शतकाच्या अखेरीच्या चित्रात होडीत बसलेल्या माणसाच्या काठीला चाक स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये टॉमस बार्करच्या १६५१ मधील पुस्तिकेत दोरी गुंडाळण्याच्या साधनाचा उल्लेख येतो, आणि त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत शेंड्यावरच्या एका कडीपासून काठीच्या सर्व लांबीवर कड्या बसवण्यापर्यंत प्रगती झाली. १८व्या आणि १९व्या शतकांतील बहुतेक काठ्यांवर लोंबत्या कड्या असत, म्हणजे पितळी तारेची लहान कडी धातूच्या पट्टीखाली सैल अडकवून ती पट्टी रेशमी धाग्याने काठीला बांधलेली असे. अशी कडी प्रवासात काठीवर सपाट पडून राही, हा तिचा गुण होता. पण ओली दोरी काठीला चिकटून राही आणि कडी आडवी पडली की दोरी अडे, हा दोष त्याहून मोठा होता. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात काठीवर ताठ उभ्या राहणाऱ्या कड्या रूढ झाल्या, आणि त्यांतच एका तारेला सापासारखे वळण देऊन तिची दोन्ही टोके काठीवर बांधण्याची ‘स्नेक’ कडी आली. वजनाने हलकी आणि दोरीला मोकळा मार्ग देणारी ही सापवळणी कडी कृत्रिम माशीच्या काठीवर, म्हणजे पिसे व धागे गुंडाळून केलेले नकली कीटक पाण्यावर टाकण्याच्या लवचीक काठीवर, अजूनही मुख्यत्वे वापरली जाते.

हिंदुस्थानात या विद्येला वेगळे वळण महासीरामुळेच मिळाले. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ मध्ये मंगळूर येथे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि सामन मासा धरणाऱ्या इंग्रजांना महासीर त्याहून झुंजार असल्याचे सांगितले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये मॅकडोनल्ड यांचे महासीर धरण्यावरील पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९४६ मध्ये, म्हैसूरकडील कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महासीर काठीवर धरला गेल्याची नोंद आहे. एवढ्या माशाची धाव सोसणारी दोरी कडीच्या आतल्या कडेवर ज्या जोराने घासते, त्याने पितळेसारख्या मऊ धातूला खाच पडते, आणि एकदा पडलेली खाच पुढच्या प्रत्येक धावेत दोरीला कापत राहते.

खाच पडू नये म्हणून कडीच्या आत कठीण अस्तर बसवण्याची कल्पना पुढे आली, आणि त्यासाठी चिनी मातीबरोबर अकीकही वापरला गेला. अकीक हा सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणारा गुळगुळीत, काचेसारखा कठीण दगड होय. त्यावरून दोरी तेलावरून सरकावी तशी सरके. परंतु काठी खडकावर आपटली की अकीकाला केसासारखी बारीक चीर पडे, ती डोळ्यांना दिसत नसे आणि महत्त्वाच्या क्षणी दोरी तुटे. विसाव्या शतकात टंगस्टन कार्बाइड आणि कठीण क्रोमियमचा मुलामा यांनी अकीकाची जागा घेतली, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात जपानी कारखान्यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइड व नंतर सिलिकॉन कार्बाइड या भट्टीत भाजलेल्या कठीण द्रव्यांची कडी जगभर नेली. घर्षणाने तापलेली कडी नायलॉनच्या दोरीला कमकुवत करते. सिलिकॉन कार्बाइड ती उष्णता लवकर पसरवते, हा त्याचा मुख्य गुण आहे.

काठीच्या इतिहासात तर सह्याद्रीचा संबंध आणखी जवळचा आहे. १९व्या शतकात बांबूच्या चिरफळ्या काढून, त्या तासून, सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठी करण्याची कला अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वाढली, तेव्हा त्यासाठी ‘कलकत्ता केन’ या व्यापारी नावाने हिंदुस्थानातून जाणारा बांबू वापरला जाई. तो मुख्यतः ‘डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस’ या जातीचा, म्हणजे मराठीत ज्याला मानवेल किंवा नर बांबू म्हणतात तो भरीव बांबू होता. ही जात सह्याद्रीच्या उतारांवरही वाढते. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील टोंकिन बांबूने तिची जागा घेतली. भरीव आणि लवचीक बांबूची पारख गावच्या गळ करणाऱ्यालाही होती आणि परदेशातील कारागिरालाही. फरक पडला तो काठीवर बांधल्या जाणाऱ्या कड्यांमुळे.

या कड्यांची निवड कशी केली जाते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. कृत्रिम माशीची काठी जितकी फूट लांब तितक्या कड्या आणि वर एक, असा कारागिरांचा ढोबळ नियम आहे. म्हणून नऊ फुटी काठीवर टोककडी सोडून साधारण दहा कड्या येतात. मुठीकडून पहिली कडी मोठ्या तोंडाची आणि कठीण अस्तराची असते, कारण हाताने ओढलेली सैल दोरी वेटोळ्यांसह तिच्यात शिरते. ती चाकापासून सुमारे ७० ते ८० सेंटिमीटरवर बसवतात. तिच्यापुढे कड्या लहान होत जातात आणि त्यांतील अंतरही शेंड्याकडे कमी होत जाते, कारण शेंडा अधिक वाकतो. हे अंतर अखेरीस मोजपट्टीपेक्षा डोळ्याने ठरते: काठीची मूठ पक्की धरून, कड्या चिकटपट्टीने तात्पुरत्या लावून, दोरी ओवून ती खाली ताणतात, दोरी काठीच्या वाकाबरोबर सारख्या लहान कोनांत वळली तर अंतरे बरोबर, आणि कोठे ती वाक सोडून सरळ ताणली गेली तर त्या जागी ताण एकवटतो आणि तेथेच काठी मोडण्याची भीती असते. मग कडीचे पाय कानशीने कागदासारखे पातळ करतात, जेणेकरून धागा पायावर चढताना फटीत अडकू नये आणि काठीला टोच पडू नये. त्यावर पूर्वी रेशमाचा आणि आता बहुधा नायलॉनचा धागा वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळतात, आणि शेवटी त्यावर रोगणाचा किंवा इपॉक्सीचा हात देतात.

टोककडीची निवड सर्वांत नाजूक आहे. तिच्या नळीचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात. पाच क्रमांकाची नळी म्हणजे इंचाचे पाच चौसष्टांश, जवळपास दोन मिलिमीटर. नळी घट्ट बसली तर शेंडा चिरतो, सैल बसली तर ती फिरते आणि इतर कड्यांच्या रांगेतून सुटते. ती लाखेसारख्या, उष्णतेने मऊ होणाऱ्या द्रव्याने चिकटवतात, म्हणजे झिजल्यावर शेंडा न मोडता बदलता येते. शेंड्यावरचे एक ग्रॅम वजन मुठीजवळच्या अनेक ग्रॅमांपेक्षा अधिक जाणवते आणि काठी मंद करते. म्हणून कडी हलकी हवी. परंतु दोरीची जाड गाठ अडखळल्याशिवाय आत-बाहेर जावी एवढे तिचे तोंड मोठे हवे. या दोन विरुद्ध गरजांचा तोल साधणे हीच या कारागिरीची खरी परीक्षा होय.

सावित्रीच्या खोऱ्यात हे सारे नियम पाण्याच्या जातीप्रमाणे बदलतील. पोलादपूरच्या वरच्या अंगाला गोड्या, वेगवान पाण्यात हलकी तारेची कडी चालेल. महाडखाली भरतीचे खारे पाणी चढते तेथे मुलामा उडालेल्या तारेला गंज चढतो, म्हणून पोलादी तारेपेक्षा न गंजणारा धातू किंवा निकेल-टायटॅनियम अधिक टिकाऊ ठरेल. आणि पावसाळ्याच्या गढूळ पाण्यातील वाळूचे कण दोरीला चिकटून कानशीसारखे काम करतात, तेथे कठीण अस्तराला पर्याय नाही. साधन निवडणाऱ्याने आधी नदी वाचली पाहिजे, हा या विद्येचा पहिला धडा आहे.

याच खोऱ्यात माशाच्या बळाची आणि मोलाची ओळख दुसऱ्या मार्गानेही झाली. सावित्रीची उपनदी असलेल्या काळ नदीवर महाड तालुक्यात वाळणकोंड नावाचा डोह आहे आणि त्याच्या काठी वरदायिनी देवीचे स्थान आहे. या डोहातील महासीर देवीचे मानले जातात; भाविक पाण्यात खाद्य टाकतात तेव्हा मोठमोठे मासे झुंडीने वर येतात, आणि त्यांना धरणे निषिद्ध आहे. या श्रद्धेचे नैसर्गिक फळ मोठे आहे. उन्हाळ्यात नदी आटल्यावर मासे कोंडांतच तग धरतात आणि पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर जाऊन अंडी घालतात. म्हणून एक कोंड राखणे म्हणजे नदीचे बियाणे राखणे होय. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात महासीराची कृत्रिम पैदास झाली, ते काम मोलाचे आहेच; पण प्रयोगशाळा उभी राहण्याच्या कितीतरी आधी हे खोरे आपल्या परीने तेच कार्य करत होते. आज वाळूउपसा आणि सांडपाणी यांनी कोकणातील नद्यांचे डोह भरत व बिघडत चालले असताना, गळकाठीची उत्तम कडी घडवणाऱ्याचे आणि कोंड राखणाऱ्याचे हित एकच आहे, कारण मासा उरला तरच दोरीला धाव आहे. कड्यांची विद्या कोणत्याही देशातून शिकावी, पण डोह राखण्याचा धडा महाड तालुक्यातच घेता येतो: वाळणकोंडाच्या पाण्यात खाद्य टाकतात, गळ टाकत नाहीत.