रुग्णशय्येजवळची परीक्षा

घरातील मुलगा वा मुलगी डॉक्टर झाली की आपण गुणपत्रिका कौतुकाने पाहतो. त्या गुणपत्रिकेतील प्रात्यक्षिकाचा आकडा कितपत भरवशाचा असतो, हा प्रश्न मात्र सहसा आपल्या मनात येत नाही. खुद्द वैद्यकशिक्षणाच्या इतिहासातही तो फार उशिरा विचारला गेला.

इ. स. १८४२ मध्ये जॉर्ज पॅजेट यांच्या आग्रहावरून केंब्रिज विद्यापीठाने वैद्यकाच्या अंतिम परीक्षेत रुग्णशय्येजवळची परीक्षा सुरू केली. भावी डॉक्टराने ग्रंथांबरोबर रुग्णही वाचावा, ही सुधारणा मोलाचीच होती. पुढे तिला रूढ स्वरूप आले. विद्यार्थ्याच्या वाट्याला एक रुग्ण यायचा. त्याची हकीकत ऐकून व त्याला तपासून विद्यार्थी परीक्षकांच्या प्रश्नांना सामोरा जायचा. ब्रिटिश वळणाच्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हीच पद्धत ‘लाँग केस’ या नावाने रुजली.

तथापि, या पद्धतीत नशिबाचा भाग मोठा होता. एकाला स्पष्ट लक्षणांचा, बोलका रुग्ण मिळे. दुसऱ्याला गुंतागुंतीच्या दुखण्याने त्रासलेला, अबोल. एक परीक्षक मायाळू, दुसरा कठोर. अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाने या गुणांची पडताळणी केली, तेव्हा एकाच विद्यार्थ्याविषयी दोन परीक्षकांचे मत फारच कमी जुळते, असे दिसून आले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मंडळाने ही परीक्षाच बंद केली. पण कागदावरच्या उत्तरांवरून पोट तपासणाऱ्या हातांची पारख कशी व्हावी?

१९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञांनी एक वेगळीच वाट काढली. निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून त्यांनी ती प्रत्येक विद्यार्थ्यापुढे सारखीच उभी केली. प्रारंभी त्यांची थट्टा झाली. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षेची अनेक छोटी स्थानके केली. एका ठिकाणी हकीकत विचारायची, दुसऱ्या ठिकाणी शरीराचा एखादा भाग तपासायचा, तिसऱ्या ठिकाणी तपासणीच्या अहवालाचा अर्थ लावायचा. घंटा वाजली की सर्वांनी पुढच्या स्थानकावर जायचे. ‘ऑस्की’ या नावाने ही पद्धत जगभर पसरली.

तिचे यश गुणांच्या काटेकोर यादीत आहे, असा समज झाला. संशोधनाने मात्र निराळेच सांगितले. हृदयाचा रुग्ण उत्तम हाताळणारा विद्यार्थी पोटाच्या रुग्णापुढे अडखळू शकतो. एका प्रसंगावरून दुसऱ्याचे भाकीत करता येत नाही, हे अमेरिकेतील एल्स्टाइन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. म्हणूनच खरा भरवसा अनेक रुग्ण व अनेक परीक्षक यांतून येतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरंटोच्या अभ्यासात तर अनुभवी परीक्षकाने दिलेला समग्र अभिप्राय यादीवर खुणा करण्यापेक्षा अधिक विश्वसनीय ठरला. जुन्या परीक्षकांची नजर अधू नव्हती. एकाच प्रसंगावरून निवाडा देण्याचे ओझे तिच्यावर लादले गेले होते.

हा मार्ग खर्चिक आहे, हेही खरे. अमेरिकेत परवान्यासाठी २००४ पासून घेतली जाणारी अशी परीक्षा २०२० च्या महासाथीत थांबली व २०२१ मध्ये कायमची रद्द झाली. भारतात मात्र २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम कौशल्याधिष्ठित झाला आणि शिक्षणाच्या सर्व वर्षांत कौशल्यांची वेळोवेळी पारख करण्यावर भर आला.

एका दिवसाच्या नापसंतीने होतकरू मुलीचे वर्ष वाया जाते. एका दिवसाच्या सुदैवाने कच्चा हातही उत्तीर्ण होतो. पहिल्या चुकीचे दुःख एका घराला भोगावे लागते. दुसरीची किंमत मोजतो तो पुढे कधीतरी त्याच्यासमोर निमूटपणे झोपलेला रुग्ण. माणसाची पारख एका भेटीत होत नाही, हे आपले वाडवडील सोयरीक जुळवताना जाणत होते. वैद्यकाला ते आकड्यांनिशी पटायला शतकाहून अधिक काळ लागला.