जावानी ‘साते’ आणि आपला भुईमूग

राजेरजवाड्यांच्या लढाया व तह यांच्या तारखा इतिहासांत काळजीपूर्वक नोंदल्या जातात. परंतु जे परकी पदार्थ आपल्या स्वयंपाकघरांत शिरून घरचे होऊन बसले, त्यांची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. ती लिहावयास घेतली तर ‘आपलें’ आणि ‘परक्याचें’ या शब्दांविषयींच्या आपल्या पुष्कळ समजुती तपासून पाहाव्या लागतील. उदाहरण म्हणून जावा बेटांतील ‘साते’ नामक पदार्थ येथें घेतों. सामिष अन्न ज्यांस वर्ज्य आहे अशा वाचकांनींही नाक मुरडण्याचें कारण नाहीं. कारण या हकीकतीचा शेवट त्यांच्याच एकादशीच्या ताटांत व्हावयाचा आहे.

जावा बेटांत उतरणाऱ्या प्रवाशास संध्याकाळच्या वेळीं रस्त्याच्या कडेनें कोळशाच्या धुरांत मिसळलेला एक खमंग वास येतो. अरुंद व लांबट शेगडीवर बांबूच्या बारीक काड्या ओळीनें मांडलेल्या असतात, आणि प्रत्येक काडींत कोंबडीच्या मांसाचे लहान लहान तुकडे ओवलेले असतात. विक्रेता एका हातानें पंखा हालवून निखारे फुलवितो व दुसऱ्या हातानें काड्या उलटतो. मदुरा बेटांतील लोक या धंद्यांत विशेष नांवाजलेले. पूर्वीं ते शेगडीसकट सारें दुकान कावडींत घालून गल्लोगल्लीं हिंडत. भाजलेल्या काड्यांवर जें दाट कालवण ओततात तें शेंगदाण्यांचें होय. तळलेले दाणे वाटून त्यांत मिरची, लसूण, ताडगूळ आणि सोयाबीनचा गोडसर काळा रस मिसळतात. सोबतीस केळीच्या पानांत बांधून शिजविलेल्या भाताच्या वड्या असतात. चोपड्याच्या माणसास त्यांतील गोडवा नवखा वाटेल. पण दाणे, मिरची व लसूण या त्रयीची ओळख त्यास कोणी करून द्यावयास नको.

आतां या पदार्थाची वंशावळ पाहूं. काडीवर भाजलेल्या मांसाचा हा जावानी अवतार एकोणिसाव्या शतकांत प्रसिद्धीस आला, आणि अरब व हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांच्या कबाबाचें वळण त्यास लागलें, असें सामान्यतः मानितात. तथापि सळईवर मांस भाजण्याची कला कोणा एकाची मिरास नव्हे. अमरकोशांत ‘शूल्य’ व ‘भटित्र’ हे शब्द याच अर्थानें आले आहेत. आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या इ. स. ११२९ च्या सुमाराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत अशा भाजलेल्या मांसाची कृति दिली आहे.

शेंगदाण्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे. हें पीक मूळचें दक्षिण अमेरिकेचें. पोर्तुगीजांनीं तें ब्राझीलमधून पूर्वेकडे आणिलें, तर स्पॅनिश लोकांचीं गलबतें १५६५ पासून मेक्सिको व मनिला यांच्या दरम्यान ये-जा करूं लागलीं, त्यांबरोबर तें पॅसिफिक महासागर ओलांडून आलें. या प्रवासाची साक्ष शब्द देतात. तामिळ भाषेंत शेंगदाण्यास ‘मणिलाकोट्टै’ म्हणतात, बंगालींत ‘चिनेबादाम’. मलायी भाषेंत त्यास ‘काचांग तानाह’, म्हणजे भुईंतलें कडधान्य, असें नांव पडलें. आणि आपण म्हणालों ‘भुईमूग’! फूल जमिनीवर आणि शेंग जमिनीखालीं हें कौतुक पाहून दोन दूरच्या लोकांस एकच नांव सुचलें. सातपुडा व तापी यांच्यामध्यें पसरलेल्या चोपडें तालुक्यांत हा भुईमूग आज इतका रुळला आहे, कीं तो येथला नव्हे असें सांगितल्यास शेतकरी हंसेल. मिरचीही अमेरिकेचीच. अर्थात् दाणे घातलेलें खानदेशी वांग्याचें भरीत, वांगें अस्सल हिंदी असूनही, आजच्या रूपांत पांचशें वर्षांपूर्वीं संभवतच नव्हतें.

जावा म्हटलें कीं आपणांस प्राम्बानानच्या शिळांवर कोरलेलें रामायण आठवतें. १९२६ सालीं कलकत्त्यास बृहद्भारत परिषद् स्थापन झाली, १९२७ सालीं रवींद्रनाथ स्वतः जावा बेटास जाऊन आले, आणि ‘आम्हीं त्यांस काय दिलें’ याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. तें देणें खरें आहे. बऱ्हाणपुरचें कापड सुरतेस जाई. आणि ज्या डचांनीं सुरतेस १६१६ सालीं वखार घातली व १६१९ सालीं बटाव्हिया वसविलें, ते सुरतेचें कापड त्या बेटांत नेऊन मसाल्यांच्या मोबदल्यांत देत. परंतु खतावणीस दोन बाजू असतात. आपल्या लवंगा व जायफळ त्या द्वीपसमूहांतून आले. ज्या केळीवर जळगांव जिल्ह्याचा लौकिक उभा आहे, तिचें मूळही न्यू गिनी व आग्नेय आशियाच्या बेटांकडे जातें. ही येणें-बाजू वाचल्याशिवाय देण्याचा अभिमान बाळगणें म्हणजे अर्धाच हिशेब मांडणें होय.

आणि आतां एकादशीचें ताट. साबुदाण्याचें नातें मलायी ‘सागु’शीं, म्हणजे तिकडील एका माडाच्या गाभ्यांतून निघणाऱ्या पिठाशीं आहे. आज सेलमकडे तो ज्या कंदापासून करितात तो ब्राझीलचा. दाणे व मिरची अमेरिकेचीं, आणि बटाटा पेरूचा. हविष्यान्नांत ज्यांचें नांवही नव्हतें तीं हीं परदेशचीं पिकें आपण उपवासास पवित्र मानिलीं. त्यामुळें आपल्या आजीच्या श्रद्धेंत तिळमात्र उणें आलें नाहीं. तद्वत् परक्या दाण्यामुळें साते जावानी असण्यांत उणें येत नाहीं. कोणतें अन्न कोणाचें, यावरून भांडणें आजही होतात, आणि ताटावरून माणसाचें आपपरत्व ठरविणारेही आहेत. त्यांनीं एकदां आपल्या घरच्या खिचडीचा मूळ पुरुष शोधावा. वस्तु कोठून आली यापेक्षां ती आल्यावर आपण तिचें काय केलें, यावरच समाजाची पारख व्हावी हें उचित.